वाचकांचे प्रश्न : पदविकेनंतरचा अभ्यास

इंटिरियर डिझाइनचं शिक्षण संपवून कामाला लागलेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. बहुतेकांचा रोख एकच : पुढे शिकायचं तर आहे, पण काय, कुठून आणि किती? त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींची दोन ओळींत आटोपली आहेत.

प्रश्न : पदविका घेऊन चार वर्षं झाली. कामं सुरू असतात, पण आपण तेच तेच करतोय असं वाटायला लागलंय. प्रकाशयोजना, थ्रीडी, हरित इमारती, रंगशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती बघून डोकं चक्रावतं. सुरुवात कशानं करू?

जाहिराती बाजूला ठेवा आणि पुरी झालेली शेवटची तीन कामं पुढ्यात घ्या. त्या कामांत जे जे तोडून किंवा उचकटून पुन्हा करावं लागलं, ते सगळं एका वहीत लिहा. प्रत्येक नोंदीसमोर दोनच गोष्टी हव्यात : चूक केव्हा लक्षात आली आणि त्याआधी कुठल्या कागदावर ती दिसू शकली असती. मग नोंदींचे ढीग करा. मापाच्या चुका, दोन ड्रॉइंगांचा मेळ न बसल्यामुळे झालेल्या चुका, मटेरियलच्या अज्ञानातून झालेल्या आणि मालकानं ऐन वेळी मत बदलल्यामुळे झालेल्या. जो ढीग सगळ्यांत उंच, तो तुमचा अभ्यासक्रम.

ही वही एकदा भरली की गंमत कळते. समजा, स्विचबोर्ड कपाटाच्या दारामागे गेला. ही चूक सौंदर्यदृष्टीच्या अभावाची नाही, आणि कुठल्याही थ्रीडी अभ्यासक्रमानं ती सुधारणार नाही. विजेचं आणि फर्निचरचं ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून पाहिलं गेलं नाही, एवढंच त्याचं कारण. त्याला उपाय म्हणजे कामाची पद्धत बदलणं. त्यासाठी फी भरायची गरज नाही. उलट लॅमिनेट लावलेली दारं सहा महिन्यांत वाकत असतील, तर मटेरियलचा अभ्यास कमी पडतोय. तिथे शिकायला जायलाच हवं.

मालकानं मत बदलल्याचा ढीग मोठा निघाला तर बरेच जण ‘आपला काय दोष?’ म्हणून तो सोडून देतात. तो सोडू नका. मंजुरी कुठल्या टप्प्यावर, कशावर सही घेऊन घ्यायची आणि त्यानंतरच्या बदलाचा वेळ आणि खर्च कोणी सोसायचा, हे करारात लिहिता येणं हाही शिकण्याचाच विषय आहे. त्याचं प्रशिक्षण घेणारे फार थोडे.

प्रश्न : प्रकाशयोजनेत माझा नेहमी गोंधळ होतो. कधी खोली अंधारी वाटते, कधी डोळ्यांवर येते. मी छतात समान अंतरावर दिवे मांडतो. यात नेमकं काय शिकायला हवं?

समान अंतरावर दिवे मांडणं ही छताची नक्षी झाली, प्रकाशाची योजना नव्हे. या विषयात चार गोष्टी शिका आणि याच क्रमानं शिका.

पहिली गोष्ट हिशेब. किती दिवे लागतील याचं साधं सूत्र आहे : हवा असलेला प्रकाश (लक्स) गुणिले खोलीचं क्षेत्रफळ (चौरस मीटर), आणि या गुणाकाराला एका दिव्याचे ल्युमेन (त्यातून निघणारा एकूण प्रकाश), उपयोग गुणांक (त्यातला किती वाटा कामाच्या पातळीपर्यंत पोचतो) आणि देखभाल गुणांक या तिघांच्या गुणाकारानं भागायचं. उदाहरण घ्या. ४ बाय ३ मीटरची अभ्यासाची खोली, हवे आहेत ३०० लक्स, दिवा ९०० ल्युमेनचा. भिंती फिक्या असल्यामुळे उपयोग गुणांक ०.५ धरला, आणि धूळ व वय यांमुळे प्रकाश कमी होत जातो म्हणून देखभाल गुणांक ०.८. वर ३०० × १२ = ३६००, खाली ९०० × ०.५ × ०.८ = ३६०. म्हणजे १० दिवे. आता याच खोलीच्या भिंती गडद तपकिरी झाल्या आणि उपयोग गुणांक ०.४ वर आला, तर उत्तर १२.५ येतं, म्हणजे १३ दिवे. रंग नंतर ठरवू म्हणणाऱ्यांची खोली अंधारी का होते, ते इथे दिसतं. ल्युमेनचा आकडा मात्र पूर्ण दिव्याचा घ्या. आतल्या एलईडी चिपचा आकडा नेहमी जास्त असतो. काच आणि रिफ्लेक्टरमध्ये त्यातला काही प्रकाश मरतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाचा झोत. झोताचा व्यास म्हणजे दिव्यापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर गुणिले २, गुणिले झोताच्या अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. छत २.७ मीटरवर आणि टेबल ०.७५ मीटरवर असेल तर अंतर १.९५ मीटर. २४ अंशांचा दिवा तिथे साधारण ०.८३ मीटरचा गोल पाडेल, ३६ अंशांचा १.२७ मीटरचा, ६० अंशांचा २.२५ मीटरचा. या गोलाच्या कडेला प्रकाश संपत नाही, तिथे त्याची तीव्रता मध्याच्या निम्मी झालेली असते. हे माहीत नसलं की दोन गोलांमध्ये उगाचच आणखी एक दिवा घुसवला जातो.

भिंत उजळायची असेल तर दिवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर घ्या आणि दोन दिव्यांतलं अंतरही साधारण तेवढंच ठेवा. २.७ मीटरच्या भिंतीला हे अंतर ०.७ ते ०.९ मीटर येतं. दिवा भिंतीला चिकटवला की वर कमानी उमटतात, आणि प्लास्टरवरची थापीची प्रत्येक लाट दिसायला लागते. मग बोल गवंड्याला बसतात. दगडी किंवा मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या भिंतीला मात्र हाच परिणाम शोभून दिसतो.

तिसरी गोष्ट रंगाची सच्चाई. खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, हा आठ फिक्या रंगनमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे सीआरआय ८० असूनही दिव्याचा आर-९ अगदीच कमी असू शकतो. अशा उजेडात लाकूड, लाल कापड आणि माणसाची त्वचा मेल्यासारखी दिसते. राहत्या खोल्यांसाठी सीआरआय ९० मागा आणि आर-९ चा आकडा वेगळा विचारा. २०१५ मध्ये आलेली टीएम-३० ही पद्धत ९९ नमुने वापरते. विक्रेत्याकडे तिचा अहवाल असेल तर तो वाचायला शिका. शिवाय एकाच छतातले दिवे तीन मॅकॲडम पायऱ्यांच्या (दिव्यांच्या रंगछटेतला फरक मोजायचं माप) आतले हवेत, नाहीतर सगळ्यांवर ३००० केल्विन छापलेलं असूनही एक पिवळट आणि एक गुलाबी दिसतो.

चौथी गोष्ट मोजणं, आणि नेमकी हीच वगळली जाते. एक बऱ्यापैकी लक्समीटर घ्या. फोनमधल्या ॲपवर विसंबू नका, कारण फोनचा सेन्सर या कामासाठी जुळवलेला नसतो. रात्री पडदे ओढून, दिवे अर्धा तास चालू ठेवून, टेबलाच्या उंचीवर जाळी आखून वाचनं घ्या. तुमची स्वतःची सावली मीटरवर पडू देऊ नका. सगळ्यांत कमी वाचनाला सरासरीनं भागा. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर हा भागाकार ०.६ च्या खाली नसावा. कार्यालयांच्या टेबलावर ५०० लक्स आणि चकाकीचा निर्देशांक, म्हणजे यूजीआर, १९ च्या आत अशी युरोपीय मानकाची अपेक्षा आहे. तो आकडा कुठून आला हे समजून घेतलंत, की ‘डोळ्यांवर येतं’ या तक्रारीचं उत्तर तुम्हाला देता येईल.

डायलक्स हे गणन करणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि दिव्यांचे उत्पादक त्यासाठीच्या प्रकाशवितरणाच्या फायली देतात. ते जरूर शिका, पण हातानं दहा खोल्यांचा हिशेब केल्यावर. त्यात छत ७०, भिंती ५० आणि फरशी २० टक्के परावर्तन आधीच भरलेलं असतं. शिकाऊ माणूस ते बदलत नाही आणि गडद भिंतींच्या खोलीचं देखणं, पण चुकीचं चित्र मालकाला दाखवतो.

प्रश्न : सीईयू म्हणजे नक्की काय? आणि कंपन्यांच्या मोफत चर्चासत्रांना जाण्यात काही अर्थ असतो का?

सीईयू हे सातत्यानं घेतलेलं शिक्षण मोजायचं एकक आहे. आयडीसीईसी ही उत्तर अमेरिकेतली परिषद इंटिरियर डिझाइनच्या अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या हिशेबात एक तास म्हणजे ०.१ सीईयू, म्हणजे १० तासांचा एक पूर्ण सीईयू. आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांच्याशी थेट संबंध असलेले तास वेगळे नोंदवले जातात. काही परवाने आणि सदस्यत्वं टिकवायला हेच तास लागतात, म्हणून नाव नोंदवण्याआधी अभ्यासक्रमाला ही खूण आहे का ते पाहा. प्रमाणपत्रांची बंधनं वेगळी असतात. हरित इमारतींच्या ‘लीड’ प्रमाणपत्रांपैकी लीड ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांत १५ तास, लीड एपी स्पेशालिटीला ३० आणि आरोग्यदायी इमारतींच्या वेल एपीलाही ३०. हे माहीत नसताना परीक्षा दिली, तर दोन वर्षांनी प्रमाणपत्र हातातून निसटतं. एनसीआयडीक्यू ही उत्तर अमेरिकेत फार वर्षांपासून चालत आलेली या व्यवसायाची पात्रता परीक्षा आहे. तिचे तीन भाग आहेत : मूलतत्त्वं, व्यवसाय आणि प्रत्यक्ष प्रसंगांवरचा प्रात्यक्षिक भाग. तिसऱ्या भागाची तयारी पुस्तकं वाचून होत नाही. त्यासाठी नियमावली समोर ठेवून प्लॅन सोडवायची सवय लागते.

कंपनीच्या चर्चासत्राला जरूर जा, पण प्रश्न घेऊन जा. हे मटेरियल कुठे वापरू नये? बिघडलं तर आधी काय दिसतं? चाचणीचा अहवाल कोणत्या जाडीच्या नमुन्याचा आहे? वक्ता जर आपल्या मालाची एकही मर्यादा सांगू शकला नाही, तर तो विक्रीच्या विभागातला आहे असं समजा, चहा प्या आणि नमुने घेऊन या. मर्यादा सांगणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. अशी माणसं पुढे अडलेल्या साइटवर अभ्यासक्रमापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

प्रत्येक सत्रानंतर तारीख, तास, क्रमांक आणि एक वाक्य लिहा : ‘यापुढे माझ्या ड्रॉइंगमध्ये काय बदलेल?’ ते वाक्य सुचत नसेल तर तास जमा झाले, शिकणं झालं नाही.

प्रश्न : मला चित्रं छान काढता येतात, पण सुतार माझी ड्रॉइंग बघून हसतात. म्हणतात, ‘मॅडम, हे बसणार नाही.’ वर्कशॉपमधलं काम कुठे शिकू?

ते हसतात त्यामागे बहुतेक वेळा गणित असतं. एक उदाहरण घ्या. कपाटाची खोली दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर, असं डिझायनर सहज लिहून टाकतो. प्लायची शीट २४४० बाय १२२० ची. कागदावर १२२० मधून ६१० च्या दोन पट्ट्या बरोबर निघतात. प्रत्यक्षात करवतीचं पातं ३-४ मिलिमीटर लाकूड खातं आणि शीटची कडाही सरळ करून घ्यावी लागते. म्हणजे एकच पट्टी निघते आणि जवळजवळ अर्धी शीट वाया जाते. खोली ५९० केली असती तर दोन्ही निघाल्या असत्या. सुतार हे जन्मभर करत आलेला असतो. तुम्हाला ते कोणी शिकवलेलं नसतं, एवढाच फरक.

शिकायची खात्रीची वाट म्हणजे एक साधं खालचं कपाट स्वतः कागदावरून लाकडात उतरवणं. रुंदी ६००, उंची ७२०, खोली ५६०, प्लाय १८ मिलिमीटर. बाजू दोन, ७२० × ५६०. तळ एक. तो बाजूंच्या मध्ये बसतो, म्हणून ६०० मधून ३६ वजा, ५६४ × ५६०. दार पूर्ण झाकणारं असेल तर चारी बाजूंनी दीड-दीड मिलिमीटरची फट सोडून ५९७ × ७१७. हे दाराचं अंतिम माप आहे. त्याच्या कडेला २ मिलिमीटरची एजबँड (कडेची पट्टी) लागणार असेल तर कापायचं माप प्रत्येक बाजूला तेवढंच कमी, म्हणजे ५९३ × ७१३. ही यादी आधी स्वतः करा, मग सुताराकडून करून घ्या आणि दोन्ही याद्यांतला फरक शोधा. पहिल्या खेपेला फरक येतोच.

मग बिजागऱ्या. कपची बिजागरी ३५ मिलिमीटर व्यासाच्या भोकात बसते आणि ते भोक सुमारे १३ मिलिमीटर खोल असतं. १६ मिलिमीटरच्या दारात मागे जेमतेम ३ मिलिमीटर उरतात. ड्रिलला थांबा लावला नाही तर पुढचं लॅमिनेट फुगतं किंवा फुटतं. कपाटाच्या आत बाजूवर पडणारी भोकं ३२ मिलिमीटरच्या प्रणालीत मोजली जातात : ५ मिलिमीटर व्यास, मधलं अंतर ३२ आणि पुढच्या कडेपासून पहिली ओळ ३७ वर. या तीन आकड्यांवर बाजारातलं बहुतेक हार्डवेअर आधारलेलं आहे. ते पाठ असले की कॅटलॉगची पानं आपोआप कळायला लागतात.

आणि दारं का वाकतात, तेही इथेच शिका. दाराच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं की उघडी बाजू हवेतला ओलावा घेते-सोडते, झाकलेली बाजू तसं करत नाही. दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहत नाही आणि दार बाक घेतं. म्हणून आतून तितक्याच जाडीचं साधं लॅमिनेट लावतात. ‘आतून कोण बघतंय’ म्हणून ते वाचवलं, की सहा महिन्यांनी दार बघणारे सगळेच असतात.

हे शिकवणारा चांगला वर्ग मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर एखाद्या कारखान्यात आठवडाभर रोज दोन तास उभं राहायची परवानगी मागा. सकाळी जा, कटिंग बहुधा तेव्हाच चालतं. खुर्ची मागू नका आणि फोन खिशात ठेवा.

प्रश्न : नव्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरकडे वळायचं ठरवलंय. चालू कामावरच शिकलो तर वेळ वाचेल ना?

नाही. चालू काम आणि नवं सॉफ्टवेअर अशी जोडी जमली की दोन्ही बिघडतात. एखादं पूर्ण झालेलं, छोटं काम घ्या. त्याची सगळी मापं आणि उत्तरं तुमच्याकडे आधीच आहेत, म्हणून ते नव्यानं मॉडेल करा. महिना-दीड महिना रोज एक तास पुरतो. शेवटी मॉडेलमधून दारांची आणि फरशीची यादी काढा आणि प्रत्यक्षात मागवलेल्या मालाशी ताडून पाहा. आकडे जुळले तर तुम्ही शिकलात.

नवशिके दोन ठिकाणी घसरतात. एक, प्रत्येक मूठ आणि स्क्रू मॉडेल करत बसतात. फाईल जड होते आणि त्यातून एकही ड्रॉइंग सुधारत नाही. दोन, भिंतीची रेषा कुठल्या थराला धरायची हे ठरवत नाहीत. मोजलेलं माप विटेपासून विटेपर्यंतचं, आणि फर्निचर बसतं फरशीपासून फरशीपर्यंत. ९ मिलिमीटरची टाइल आणि ६ मिलिमीटरचा ॲडेसिव्ह असे एका बाजूचे १५, दोन बाजूंचे ३० मिलिमीटर जातात. न्हाणीघरातली काच बसत नाही ती यामुळे. मॉडेलच्या पहिल्याच दिवशी ‘पूर्ण झालेला पृष्ठभाग’ ही संदर्भरेषा ठरवून टाका.

प्रश्न : वयाची पंचेचाळिशी उलटली. या वयात परीक्षा-प्रमाणपत्रं करावीत का?

ज्या कामासाठी ते प्रमाणपत्र मागितलं जातं ते काम तुम्हाला हवं असेल तर करा. नुसतं भिंतीवर टांगायचं असेल तर तो वेळ साइटवर घालवा. वयाचा इथे काही संबंध नाही.

प्रश्न : बैठकीच्या खोल्यांमध्ये आवाज घुमतो अशी तक्रार येते. आम्ही भिंतीला फोम लावतो, तरी फरक पडत नाही. ध्वनीचा अभ्यास इंटिरियर डिझायनरनं कितपत करावा?

एक सूत्र वापरता येण्याइतका तरी नक्कीच. हार्वर्डमधला वॉलेस क्लेमंट सेबिन हा भौतिकशास्त्रज्ञ १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाच्या मागे लागला. रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं, आणि सकाळी गाद्या परत. त्यातून आलेलं सूत्र आजही चालतं : आवाज विरण्याचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण.

५ × ४ × ३ मीटरच्या खोलीचं घनफळ ६० घनमीटर आणि सगळे पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर. काच, जिप्सम, टाइल अशा कडक पृष्ठभागांचा सरासरी शोषणांक (पृष्ठभाग आवाजाचा किती वाटा गिळतो) ०.०५ धरला तर शोषण ९४ × ०.०५ = ४.७. काळ येतो २ सेकंदांच्या थोडा वर. बैठकीला ०.६ सेकंद हवा, म्हणजे शोषण १६.१ लागतं. कमी पडतात ११.४. ०.९ शोषणांकाचं पॅनल ०.०५ च्या पृष्ठभागावर लावलं की दर चौरस मीटरला ०.८५ ची भर पडते. म्हणजे सुमारे साडेतेरा चौरस मीटर पॅनल. तुम्ही लावलेला दोन-तीन चौरस मीटर फोम का पुरला नाही, याचं हे उत्तर. छत २० चौरस मीटरचं आहे. त्याचा बराचसा भाग वापरा आणि थोडं पॅनल एकमेकांना लागून असलेल्या दोन भिंतींवर घ्या. समोरासमोरच्या दोन काचा उघड्या राहिल्या तर टाळीचा आवाज त्यांच्यात फडफडत राहतो.

पॅनलवर छापलेला एनआरसी, म्हणजे ते आवाज किती शोषतं याचा आकडाही जपून वाचा. तो २५० ते २००० हर्ट्झमधल्या चार वाचनांची सरासरी आहे. पातळ फोमचा एनआरसी बरा दिसतो, पण खालच्या सुरांवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम नसतो. आणि शोषणाचं पॅनल आवाज पलीकडच्या खोलीत जाण्यापासून रोखत नाही. त्याला भिंतीचं वजन, दोन थरांमधली पोकळी आणि दाराखालची फट बंद करणं लागतं. या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्रास होते, की कोणत्याही ध्वनी-कार्यशाळेचा पहिला तास तिच्यावरच घालवला तरी चालेल.

प्रश्न : वयस्क माणसांची घरं करायची कामं वाढली आहेत. त्यासाठी वेगळं शिक्षण आहे का?

‘युनिव्हर्सल डिझाइन’ या नावानं आहे. रॉन मेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली त्याची सात तत्त्वं हा त्याचा पाया आहे. तत्त्वं एका संध्याकाळी वाचून होतात. खरं शिकणं आकड्यांत आहे. चाकाच्या खुर्चीला वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. उतार १ : १२ पेक्षा तीव्र नको. दार उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी किमान ८१५ मिलिमीटर हवी. ती चौकटीत नव्वद अंश उघडलेल्या दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या थांब्यापर्यंत मोजायची, दाराच्या फळीची रुंदी मोजून चालत नाही.

आधाराची दांडी हा वेगळा धडा. तिच्यावर सुमारे ११३ किलो भार पडेल असं अमेरिकी मानक धरतं. जिप्समच्या भिंतीत नुसत्या प्लगवर ती दांडी बसवली तर ज्या क्षणी तिची गरज पडेल त्याच क्षणी ती उपटून येईल. म्हणून टाइल लागण्याआधी भिंतीच्या सांगाड्यात १८ मिलिमीटर प्लायचा आधार ठोकून घ्या, त्याचा फोटो मोजपट्टीसह काढा आणि मालकाला द्या. आज दांडी नको असली तरी आधार घालून ठेवा.

सराव म्हणून आपला एखादा न्हाणीघराचा प्लॅन मोठ्या जागेत खऱ्या मापात चिकटपट्टीनं आखा आणि भाड्यानं आणलेल्या चाकाच्या खुर्चीतून त्यात वावरून पाहा. बेसिनखाली गुडघे कुठे अडतात ते प्लॅनवर दिसत नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या स्टुडिओत तीन नवी मुलं आहेत. सगळ्यांना अभ्यासक्रमांना पाठवणं परवडत नाही. आत्ता आहे त्यात काय करता येईल?

आठवड्यातला एक तास ठरवा आणि कितीही घाई असली तरी तो मोडू नका. पहिल्या आठवड्यात एकाचं ड्रॉइंग दुसऱ्यानं लाल पेननं तपासायचं. तपासणाऱ्यानं फक्त प्रश्न लिहायचे, दुरुस्ती करायची नाही. दुरुस्ती ज्याची त्यानं करावी. दुसऱ्या आठवड्यात साइटवर माप घ्यायचा सराव : प्रत्येक भिंत तीन उंचीवर, दोन्ही कर्ण, आणि कोपरा काटकोनात आहे का हे ३-४-५ च्या त्रिकोणानं. तिघांची मापं तीन निघतात. मोजपट्टी कोणी कुठे धरली ते तिथल्या तिथे बघायचं. तिसऱ्या आठवड्यात नमुने. प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचे एकाच मापाचे तुकडे, काहींच्या कडा बंद आणि काहींच्या उघड्या, २४ तास पाण्यात ठेवा. आधी आणि नंतरची जाडी कॅलिपरनं मोजा. उघड्या कडेचा बोर्ड किती फुगतो हे एकदा बोटाला लागलं, की ओल्या जागी कडेच्या टेपचा उल्लेख ड्रॉइंगमधून कधी सुटत नाही.

चौथा आठवडा राहायला आलेल्या घरासाठी. काम संपल्यावर सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षानं, मालकाच्या परवानगीनं मुलांना तिथे न्या. ‘आवडलं का?’ असं विचारू देऊ नका. त्याला सगळे हो म्हणतात. कुठला खण रिकामा आहे, कुठल्या स्विचवर चिठ्ठी चिकटवली आहे, एक्स्टेन्शन बोर्ड कुठे पडलाय आणि खुर्ची मूळ जागेवरून कुठे सरकली आहे, हे पाहून लिहायचं. एक्स्टेन्शन बोर्डची जागा पुढच्या कामाच्या विजेच्या ड्रॉइंगवर त्याच आठवड्यात प्लग पॉइंट म्हणून यायला हवी. ते काम सगळ्यांत नवख्या मुलाला द्या.